इंदूरहून नेव्हीत जायचं कसं, आणि परत आल्यावर वॉर्डात कामाला लागायचं कसं

दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच. कधी भाजीच्या गाड्यापाशी, कधी गणपतीच्या मांडवात, कधी सुदामा नगरच्या कुठल्या काकूंचा फोन येतो की अगं आमची बारावीला आहे, पीसीएम घेतलंय, नेव्ही-नेव्ही म्हणते, काय करायचं ते सांग. रस्त्यात उभं राहून सगळं सांगता येत नाही, अर्धवट सांगितलं की मग मलाच चुटपुट लागते, म्हणून एकदाच बसून लिहिते. आणि फक्त भरती कशी व्हायची एवढंच नाही लिहिणार, त्याचे तर नेटवर ढीग पडलेत. मला जे कोणीच सांगितलं नव्हतं ते लिहायचंय. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे अधिकारी म्हणून ठरावीक वर्षांचीच नोकरी, संपते तेव्हा तू पस्तीस-सदतीस वर्षांची असतेस, अंगात दम असतो, डोकं चालत असतं, आणि पुढची तीस वर्षं अख्खी समोर असतात. तेव्हा त्या तीस वर्षांचा विचार पहिला युनिफॉर्म शिवायला टाकतेस त्याच दिवसापासून डोक्यात असू दे.

माझं थोडक्यात सांगते. मी इंदूरचीच, घरात मराठी, गल्लीत हिंदी, इथल्याच एका कॉलेजातून इंजिनीअरिंग. २०१० ला केरळात एझिमलाला नेव्हीच्या अकॅडमीत गेले, लॉजिस्टिक्स म्हणजे सामान-पुरवठ्याची ब्रांच मिळाली, २०२४ ला कमांडर म्हणून बाहेर पडले. आता आमच्या कॉलनीच्या रहवासी संघाचं काम बघते आणि वॉर्डातल्या आणखी चार-पाच कॉलन्यांना सोबत घेऊन पाणी, ड्रेनेज, दिवे यांच्या मागे असते.

आधी घरच्यांच्या शंका, कारण मुलगी तयार असते, अडतं ते तिथेच. पहिली शंका, आपल्याकडे समुद्र कुठे आहे. काका, २०१७ साली आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या बोटीतून नेव्हीच्या सहा मुली पृथ्वीची प्रदक्षिणा करायला गोव्याहून निघाल्या, २५४ दिवसांनी मे २०१८ मध्ये परत आल्या. त्यांची कप्तान वर्तिका जोशी ऋषिकेशची, प्रतिभा जामवाल कुल्लूची, पायल गुप्ता देहरादूनची, विजया देवी मणिपूरची. यातल्या एकीच्याही गावाला समुद्र नाही. दुसरी शंका, बायकांना तिथे नुसतं ऑफिसात बसवतात. पूर्वी बऱ्याच अंशी तसं होतं हे मी नाकारणार नाही. डॉक्टर-नर्स सोडून इतर ब्रांचमध्ये बायका अधिकारी म्हणून आल्या त्याच मुळी १९९२ ला, आणि तेही मोजक्या ब्रांचमध्ये. पण २०१९ च्या डिसेंबरात शिवांगी ही नेव्हीची पहिली महिला पायलट झाली, १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं नेव्हीतल्या शॉर्ट सर्व्हिसच्या महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, हक्क दिला, आणि २०२३ ला प्रेरणा देवस्थळी या आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेच्या कमांडिंग ऑफिसर झाल्या, नेव्हीच्या युद्धनौकेची कमान हातात घेणारी पहिली बाई, आणि आडनाव आपलं. तिसरी शंका लग्नाची. ट्रेनिंग चालू असताना लग्न करता येत नाही, भरतीच्या वेळी अविवाहित असावं लागतं, ट्रेनिंग झाल्यावर करा की. माझ्या आईनं हा प्रश्न सात वेळा विचारला होता आणि सातही वेळा उत्तर हेच होतं.

आता रस्ते. बारावीनंतर एनडीए, म्हणजे खडकवासल्याची तिन्ही दलांची अकॅडमी, आहे, यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वय, नेव्हीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. लेखी ९०० मार्कांची, त्यात मॅथ्स ३०० आणि जनरल एबिलिटी ६००, आणि वर एसएसबीचे, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे, आणखी ९००, म्हणजे अर्धी लढाई एसएसबीची आहे हे आत्ताच लिहून ठेव. मुलींना ही परीक्षा २०२१ ला कोर्टाच्या आदेशामुळे खुली झाली, आणि एनडीएतून मुलींची पहिली बॅच, १७ जणी, मे २०२५ ला खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडली. तिथे तीन वर्षं आणि मग नेव्हीवाल्यांना एझिमलाला एक वर्ष. बारावीनंतरचा दुसरा रस्ता जेईई मेनच्या रँकवर बीटेक कॅडेट एन्ट्रीचा, यात चार वर्षं एझिमलालाच इंजिनीअरिंग होतं. आणि तिसरा म्हणजे माझा, डिग्रीनंतर शॉर्ट सर्व्हिस. यात डिग्रीच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात आणि थेट एसएसबीला बोलावतात, म्हणून फर्स्ट इयरचे सेमिस्टर हलक्यात घेऊ नकोस, इथे बऱ्याच हुशार मुली गळतात, फायनल इयरला जागं होऊन उपयोग नसतो. माझ्या वेळी दहा वर्षांचं कमिशन आणि पुढे दोन-दोन वर्षं वाढवून चौदा, असं होतं. वयाच्या तारखा, ब्रांच, मुदत हे सगळं दर नोटिफिकेशनला थोडं बदलतं, तेव्हा कोणा क्लासवाल्याचा फॉरवर्ड वाचण्यापेक्षा नेव्हीच्या भरतीच्या साइटवरचं मूळ नोटिफिकेशन वाच, पूर्ण वाच, शेवटच्या पानापर्यंत. दहावी-बारावीवर अग्निवीरचाही रस्ता आहे, चार वर्षांचा, ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला, पण तो अधिकाऱ्याचा नाही, तेव्हा दोन्हीची गल्लत करू नका.

कॉलेजात एनसीसी असेल तर घे. 'सी' सर्टिफिकेटचा शॉर्टलिस्टिंगला फायदा होतो तो होतोच, पण सकाळी साडेपाचला उठून मैदानावर उभं राहण्याची सवय पोहे-जलेबीच्या शहरात दुसरीकडे कुठे लागणार. नेव्हल विंग नसली तरी चालेल, आर्मीची असली तरी घे.

पोहणं मात्र आत्तापासून शीक. नेहरू पार्कच्या तरणतालात उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घातल्या तरी पुरे. अकॅडमीत पोहायला शिकवतात, न येणाऱ्यांना वेगळे क्लास असतात, पण ते क्लास इतरांच्या झोपेच्या वेळात असतात आणि झोप ही तिथली सगळ्यात महाग वस्तू आहे. मी न शिकता गेले होते. उंचावरच्या फळीवरून पाण्यात उडी मारायची वेळ आली तेव्हा माझ्या आधी केरळच्या, कोकणच्या मुली सहज उडी मारून गेल्या आणि मी वर उभी, गुडघे थरथरत होते. मारली उडी, पण तो दिवस मला टाळता आला असता.

एसएसबी. पाच दिवस असतात, आपल्याला भोपाळचं सेंटर आलं तर घरचं मैदान, इंदूरहून रात्रीच्या जेवणाला निघालं तरी पोचता येतं, पण बंगळुरू, कोलकाता, विशाखापट्टणम कुठलंही येऊ शकतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला थर्ड एसीचं भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेव. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यात बरीच गर्दी घरी जाते. दुसऱ्या दिवशी सायकॉलॉजीच्या टेस्ट, बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या आणि त्यातलं शेवटचं चित्र कोरं असतं, मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मग ६० प्रसंग अर्ध्या तासात. नंतर दोन दिवस मैदानावर फळ्या, दोर, ड्रम, ग्रुपची कामं, मधे कधीतरी इंटरव्ह्यू, आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स.

मी पहिल्यांदा पडले. का पडले ते आता कळतं. मी क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी लिहिल्या, प्रत्येक चित्रातली मुलगी सैन्यात जाते, आग विझवते, गाव वाचवते. ती मी नव्हतेच. दुसऱ्या वेळी मी माझ्या आयुष्यातलं लिहिलं, आमच्या वाड्यातला नळाचा पाण्याचा वाद, भावाची सायकल, आजीचं ऑपरेशन आणि पैशाची जुळवाजुळव. मैदानावरही तेच, ओरडणारी मुलगी लीडर नसते, ज्या मुलीनं आधी दुसरीचा दोर धरला ती असते, आणि तिथे बसलेल्या माणसांना हे फार लवकर दिसतं. तयारी करायची तर ही कर: रोज पेपर वाच, कॉलनीतला एखादा कार्यक्रम स्वतः उभा कर, जिन्याच्या लाइटसाठी वर्गणी गोळा करून दाखव, भांडणाऱ्या दोन काकांना एका खोलीत बसव. हे पुढे वॉर्डातही लागणार आहे.

मेडिकल आधी घरी करून घे. उंची मुलींना १५२ सेंटिमीटर लागते, डोळे, रंगांची ओळख, कानातला मळ, दात, सगळं एकदा चांगल्या डॉक्टरांकडून बघून घे, कारण कानातल्या मळासाठी टेम्पररी अनफिट होऊन परत फेरी मारणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

एझिमलाबद्दल जास्त लिहीत नाही, ते तिथे जाऊनच कळतं. डोंगर, खाली समुद्र, पहाटेची पीटी, ड्रिल, बोटीची वल्ही मारणं, हातांना फोड. माझा कोर्स सुमारे बावीस आठवड्यांचा होता. 'विद्ययाऽमृतमश्नुते' हे तिथलं ब्रीद, आणि पास होताना जी शेवटची पायरी ओलांडतात तिला 'अंतिम पग' म्हणतात. बाबा आले होते परेडला, आयुष्यात पहिल्यांदा इतका प्रवास करून, आणि त्यांनी सॅल्यूट कसा घ्यायचा हे न कळून नमस्कार केला, मला अजून तो नमस्कार आठवतो. पगाराचं विचारतात म्हणून, सब लेफ्टनंटचा बेसिक ५६,१०० आणि त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, बाकी भत्ते वेगळे.

आता मुख्य मुद्दा, नोकरीत असताना पुढची शिदोरी कशी बांधायची. एक नियम आधी, युनिफॉर्ममध्ये असताना राजकारण नाही, पक्ष नाही, सभा नाही. घटनेच्या ३३ व्या कलमानं सैन्यदलांच्या बाबतीत हे हक्क मर्यादित करता येतात आणि ते योग्यच आहे असं माझं मत. सुट्टीवर आलीस आणि कॉलनीतल्या कोणी प्रचाराच्या गाडीत बसायला बोलावलं तर हात जोडून नाही म्हणायचं. पण शिकायला कोण अडवतंय. लॉजिस्टिक्सचं माझं ट्रेनिंग मुंबईत मालाडला आयएनएस हमलाला झालं, तिथे पहिल्याच आठवड्यात मस्टर करायला शिकवतात, म्हणजे कागदावर काय आहे ते बाजूला ठेवून गोदामात प्रत्यक्ष जाऊन मोजायचं. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत डॅमेज कंट्रोल शिकवतात, बंद खोलीत पाणी घुसतं आणि तुम्हाला लाकडाच्या पाचरी ठोकून ते थांबवायचं असतं. आणि डिव्हिजनल ऑफिसर म्हणून तुझ्या हाताखालच्या नाविकांच्या घरची काळजी घ्यायची असते, कोणाचं कर्ज, कोणाच्या मुलाची शाळा, कोणाची बायको गावाला आजारी. या चौदा वर्षांत मी एक वही वेगळी ठेवली होती, तिच्यात कामाचं काही नाही, फक्त माणसांशी बोलताना काय चुकलं एवढंच. ती वही मी तुला सगळ्यात आधी सुरू करायला सांगेन.

बाहेर पडायच्या दोन वर्षं आधी हलायला लाग. परमनंट कमिशनचा पर्याय माझ्यासमोर होता, बाबांच्या आजारपणामुळे मी नाही म्हटलं, ते माझं गणित, तुझं वेगळं असेल. पण हे लक्षात घे की शॉर्ट सर्व्हिसला परमनंटवाल्यांसारखी पेन्शन नसते, ग्रॅच्युइटी मिळते, तेव्हा पहिल्या पगारापासून बचत कर आणि घर-गाडीच्या मोठ्या हप्त्यांत अडकू नकोस. रिसेटलमेंटचे कोर्स असतात, आयआयएमसारख्या ठिकाणी चोवीस आठवड्यांचे, जागा मर्यादित, अर्ज वेळेत कर. परत आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी कर आणि मतदार यादीत नाव इंदूरला आणून घे, सर्व्हिसवाल्यांची नावं बरेचदा भलतीकडेच राहिलेली असतात. पहिले सहा महिने कुठलंही पद घेऊ नकोस. नुसती चाल.

हो, चाल. जहाजावर संध्याकाळी राऊंड्स असतात, ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं सगळे कंपार्टमेंट बघत जायचं. मी रोज सकाळी साडेसहाला आमच्या कॉलनीचा राऊंड घेते, तोच रस्ता, तीच वेळ, हातात वही. रोज त्याच वेळी गेलं की काय बदललं ते दिसतं. कचऱ्याची गाडी कधी येते, कोणत्या घरचा ओला-सुका एकत्र आहे, कोणत्या चेंबरचं झाकण काल होतं आणि आज नाही, कुठल्या नळाला गढूळ पाणी आलं. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय त्याचा मला अभिमान आहेच, पण ते टिकतं कोणामुळे हे सकाळी साडेसहालाच दिसतं, झाडू मारणाऱ्या बायका, गाडीवरची पोरं आणि त्यांचा दरोगा, म्हणजे मुकादम. त्यांची नावं पाठ कर. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, आधी त्यांची ओळख करून घे.

मग मस्टर. मी आणि कॉलनीतल्या तीन मुलींनी दोन रविवार घालवून सगळं मोजलं: ४१ खांब, त्यातले ९ बंद, २७ चेंबर, ४ व्हॉल्व्ह, २ बोअरिंग. प्रत्येकावर पेंटनं नंबर टाकला, जहाजावर प्रत्येक कंपार्टमेंटला असतो तसा. याचा फायदा काय झाला, तर आधी लोक फोन करून सांगायचे की 'त्या जोशींच्या घरापुढे जरा पलीकडे', आता सांगतात चेंबर बारा तुंबलं. तक्रार घेणाऱ्या माणसाला टाळाटाळ करायला जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट लॉग. जहाजाच्या लॉगमध्ये खोडरबर चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. तक्रारीची वही तशीच ठेव: तारीख, वेळ, नगर निगमच्या ३११ ॲपवरचा किंवा राज्याच्या १८१ हेल्पलाइनचा तक्रार नंबर, कोण भेटलं, काय म्हणालं, पुढची तारीख. एकदा एका कार्यालयात मला ठामपणे सांगितलं गेलं की तुमची तक्रार आलेलीच नाही. मी वही उघडून पाच तारखा वाचल्या, आवाज न चढवता. पुढच्या आठवड्यात काम झालं. आणि जिथे असं होत नाही तिथे माहितीचा अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. पण प्रश्न नेमका विचार. 'रस्ता खराब का' असं विचारलंस तर काही मिळत नाही. अमुक रस्त्याच्या कामाचा वर्क ऑर्डर आणि माप पुस्तिकेची प्रत मागितली की कागद हातात येतो, आणि कागद हातात आला की पुढचं बोलणं सोपं जातं.

चौथं, पावसाळा. आमच्या कॉलनीचा खालचा भाग नाल्याला लागून आहे, तोच नाला पुढे कान्ह नदीला मिळतो, जोराचा पाऊस झाला की खालच्या आठ-दहा घरांत पाणी शिरायचं. डॅमेज कंट्रोलमध्ये पहिली शिकवण अशी की पाणी दिसलं की आधी रिपोर्ट कर, मग पाचर ठोक, कारण तू एकटी पाचर ठोकत बसलीस आणि कोणाला कळलंच नाही तर जहाज जातं. आम्ही मे महिन्यातच यादी केली, तळमजल्यावर एकटे राहणारे म्हातारे कोण, कोणाकडे गाडी, कोणाकडे वरच्या मजल्यावर रिकामी खोली, मेन स्विच कुठे, पहिला फोन कोणी कोणाला करायचा. जूनच्या आधी एका रविवारी खोटं खोटं करून पाहिलं, लोकांना जरा विचित्र वाटलं, पण आले. पुढच्या पावसात रात्री दोन वाजता पाणी चढलं तेव्हा पंचवीस मिनिटांत अकरा माणसं वरच्या मजल्यांवर होती, आणि त्यातल्या एका आजींनी देवघरही सोबत नेलं होतं कारण ड्रिलमध्ये त्यांनी तेच विचारून ठेवलं होतं.

आता जे चालत नाही ते. हुकूम चालत नाही. हे मला फार महागात शिकावं लागलं. पहिली मीटिंग मी जहाजावरच्या वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खोलीत, घेतात तशी घेतली, फळ्यावर कामं, समोर नावं, शेवटची तारीख, प्रश्न आहेत का, नाहीत, धन्यवाद. बत्तीस जण आले होते. पुढच्या मीटिंगला चार. मला कळेचना, सगळं इतकं नीट तर सांगितलं होतं. मग शेजारच्या काकू घरी आल्या, चहा प्यायला, आणि म्हणाल्या, अगं तू सांगितलंस सगळं, विचारलंस कुठे? त्या रात्री मी माझी ती जुनी वही काढली आणि हे वाक्य तिच्यात लिहिलं. नाविक तुझं ऐकतो कारण तुझ्या खांद्यावर पट्ट्या असतात, कॉलनीतला माणूस ऐकतो कारण तू त्याच्या बापाच्या आजारपणात आली होतीस. म्हणजे वर्दीतलं जे कामाला येतं ते कमांडचं नाही, डिव्हिजनल ऑफिसरचं येतं.

म्हणून मी रिक्वेस्टमेन सुरू केलं. जहाजावर ही पद्धत असते, ठरलेल्या दिवशी नाविक आपली विनंती घेऊन अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, रजा, कर्ज, बदली, काहीही, आणि त्याचं ऐकून तिथेच उत्तर द्यायचं असतं. आम्ही ते रविवारी नऊ ते दहा मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर करतो. येईल त्याचं ऐकायचं, मधे बोलायचं नाही, आणि उत्तर तीनच प्रकारचं, होय, नाही, किंवा तारीख. 'बघू' हा शब्द ओट्यावर बंद. नाही म्हणायला सगळ्यात जास्त धैर्य लागतं, पण खरं सांगते, स्पष्ट नाही ऐकलेला माणूस पुढच्या रविवारी परत येतो, 'बघू' ऐकलेला येत नाही. आपल्या माळव्याला हे काही नवीन नाही, अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला आणि महेश्वरला रोज दरबारात बसून लोकांचं स्वतः ऐकलं. मी रोजचं नाही, आठवड्याचा एक तास सांगतेय.

आणि बायकांना बोलतं कर. मीटिंगला पुरुष बोलतात आणि पाणी बायका भरतात, त्यामुळे मीटिंगमध्ये रस्त्याची चर्चा होते आणि नळाची होत नाही. मी दुपारी चारची वेगळी बैठक ठेवली, हळदीकुंकवाला जमतात तशी, एकीच्या घरी, वाटीभर चिवडा आणि वही. पाण्याच्या वेळेचा पहिला खरा तक्ता मला तिथे मिळाला, कोणत्याही कार्यालयात नाही.

निवडणुकीचं विचारतात. लढायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण रस्ता माहीत असू दे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या संस्थांमध्ये बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, मध्य प्रदेशात त्या निम्म्या आहेत. इंदूरला ८५ वॉर्ड, महापौर थेट लोक निवडतात, मागची निवडणूक २०२२ ला झाली, मुदत पाच वर्षं. पार्षदासाठी वय २१, महापौरासाठी २५, नाव नगर निगमच्या मतदार यादीत हवं, ही यादी राज्य निर्वाचन आयोगाची असते, विधानसभेची वेगळी, दोन्हीत नाव तपास. वॉर्डाचं आरक्षण बदलत राहतं, म्हणून 'माझा वॉर्ड' असं धरून बसू नकोस. आपल्याच शहरात सुमित्राताई महाजन १९८४ ला उपमहापौर झाल्या, १९८९ ला लोकसभेत गेल्या, सलग आठ वेळा, आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष, सुरुवात नगर निगमातूनच झाली होती. नेव्हीतून आलेल्या बाईचं उदाहरण हवं तर अमेरिकेत मिकी शेरिल, नेव्हीत हेलिकॉप्टर पायलट होत्या, मग वकिली, मग २०१९ पासून संसदेत, आणि नोव्हेंबर २०२५ ला न्यू जर्सीच्या गव्हर्नर निवडून आल्या. वर्दी आणि पद यांच्यामधली वकिलीची वर्षं बघ, तिथे लोकांचं काम शिकता येतं. प्रचारात युनिफॉर्मचा फोटो वापरायला कोणी सांगितलं तर नाही म्हण, तो युनिफॉर्म तुझ्या एकटीचा नाही.

शेवटची पद्धत, आणि मला सगळ्यात प्रिय. नेव्हीत बदली झाली की एचटीओ होतं, चार्ज देणं-घेणं, येणाऱ्या अधिकाऱ्याला सगळं लेखी, किल्ल्या मोजून, अर्धवट कामांसकट. मी रहवासी संघाचं काम घेतलं तेव्हा मला एक पिशवी मिळाली होती, तिच्यात पावत्या, एक शिक्का आणि बँकेचं जुनं पासबुक, बस. आता दर दिवाळीनंतर मी एक फाइल नीट करते. तिच्यात खांब-चेंबरचा नकाशा आहे, तक्रारींच्या वहीची झेरॉक्स, पावसाळ्याची फोनयादी, बँकेच्या सह्या कोणाच्या, कोणत्या कामाचा पाठपुरावा कुठपर्यंत आलाय, आणि कोणत्या माणसाशी कसं बोललं की काम होतं त्याचं एक पान. त्याची एक प्रत कॉलनीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे असते, ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, या उन्हाळ्यात नेहरू पार्कला पोहायला जाते आणि शॉर्ट सर्व्हिसचा फॉर्म भरणार आहे, म्हणून तिच्यानंतर प्रत कोणाकडे जायची ते नावही फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.